वाचकांचे प्रश्न : राष्ट्रवादाचे राजकारण आणि आपली मंडळी

गेल्या काही महिन्यांत सोलापूर शहरातून व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय निरनिराळ्या रूपांत आला आहे. राष्ट्रवादाच्या नावाने देशात जे राजकारण चालले आहे, त्याच्यापुढे ख्रिस्ती मंडळीने कसे उभे राहावे, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी आमच्या मंडळीच्या पंचकमिटीचा सभासद आहे. महापालिका निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराने रविवारच्या उपासनेत पाच मिनिटे बोलू देण्याची विनंती केली आणि निवडून आल्यास कब्रस्तानाची पडकी भिंत बांधून देण्याचे आश्वासन दिले. कमिटीत दोन तट पडले. सत्तेतल्या माणसाशी गोडीने राहिले तर मंडळीला संरक्षण मिळेल, असे काहींचे म्हणणे आहे. ज्याच्या पक्षातली माणसे आपल्याविरुद्ध भाषणे करतात त्याला दारातही उभे करू नये, असे इतरांचे. पाळकसाहेब गप्प आहेत. आपण काय सांगाल? – पंचकमिटी सदस्य, सोलापूर

उत्तर : सलाम. दोन्ही गट एकमेकांविरुद्ध बोलत असले तरी दोघांचाही निर्णय उमेदवाराच्या पक्षावरून ठरतो आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. उद्या आपल्याला जवळचा वाटणाऱ्या पक्षाचा, किंवा आपल्याच मंडळीत बाप्तिस्मा झालेला उमेदवार आला, तर हेच दोन गट जागांची अदलाबदल करतील. माझे उत्तर सर्व पक्षांसाठी एकच आहे. उपासनागृहात, उपासनेच्या वेळी किंवा मंडळीच्या नावाने भरलेल्या मेळाव्यात कोणत्याही उमेदवाराला प्रचाराचे भाषण करू देऊ नये.

याला कायद्याचे कारण आहे, आणि ते कमिटीतील प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९८८ मध्ये केला. तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. त्यानुसार धार्मिक संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरता येत नाही, तिचा पैसा राजकीय पक्षाच्या फायद्यासाठी खर्च करता येत नाही आणि तिच्या उत्सवांचा वा मेळाव्यांचाही तसा उपयोग करता येत नाही. दोषी ठरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३ त्याहून पुढे जाते. धर्माच्या आधारावर मत मागणे हा त्या कलमाखाली भ्रष्ट आचार आहे, आणि ‘धर्म’ या शब्दात मतदाराचाही धर्म येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने दिला. अमुकाला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, असे मतदाराच्या मनात भरवणे हेही त्याच कलमात बसते. काही पाळकांची निवडणुकीच्या आदल्या रविवारची प्रार्थना ऐकली की हे कलम त्यांनी कधी वाचले नसावे असे वाटते.

मात्र कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा २२ वा अध्याय कमिटीच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचावा. अहाब राजाला रामोथ-गिलादवर स्वारी करायची होती आणि त्याच्यासमोर सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात ‘जा, विजय तुझाच’ म्हणत होते. त्यांतल्या सिद्कीयाने तर लोखंडाची शिंगे करून आणली होती. मीखाया नावाचा आणखी एक संदेष्टा होता; त्याला बोलावायला गेलेल्या माणसाने वाटेतच त्याला सुचवले की सगळे जण राजाला रुचेल असेच बोलले आहेत, तेव्हा आपणही तसेच बोलावे. मीखायाने मात्र पराभवच सांगितला. पुढे तो कैदेत गेला आणि राजा लढाईत मेला. त्या चारशे जणांपैकी प्रत्येक जण मनातून खोटा होता असे मला वाटत नाही. दरबारात नित्य उठबस असलेल्या माणसाला राजाची इच्छा हळूहळू देवाची इच्छा वाटू लागते, आणि आपल्या कमिट्यांनी भ्यावे ते याला.

आता भिंतीचे. कब्रस्तानाची भिंत आणि पाण्याची सोय ही करदाते नागरिक म्हणून आपली मागणी आहे. ती पाच मिनिटांच्या मोबदल्यात मिळणार असेल तर पुढच्या वेळी दहा मिनिटे द्यावी लागतील. कमिटीने महापालिकेकडे रीतसर लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि त्याच अर्जाची प्रत प्रभागातील प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावी. ज्या सभासदांना उमेदवारांशी बोलायचे असेल त्यांनी नागरिक म्हणून बाहेरच्या एखाद्या सभागृहात सगळ्यांना बोलवावे. मंडळीचे नाव, पैसा व आवार त्यात येऊ देऊ नये. सभासदांनी आपापल्या मताप्रमाणे पक्षात जावे, निवडणूकही लढवावी. तो त्यांचा हक्क आहे.

‘दारातही उभे करू नये’ हे मात्र मला मान्य नाही. त्या उमेदवाराला उपासनेस येऊन इतरांसारखे बाकावर बसू द्यावे. उपासनेनंतर आवारात चहा द्यावा आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या भाषणांबद्दल तिथेच स्पष्टपणे विचारावे. माइक तेवढा त्याच्या हाती देऊ नये. आणि हा सगळा निर्णय निवडणुकीपूर्वी कमिटीच्या लेखी ठरावाने करून ठेवावा, म्हणजे नकार देण्याची वेळ येईल तेव्हा पाळकसाहेब एकटे पडणार नाहीत. ते गप्प आहेत असे आपण लिहिता; कदाचित नकार दिल्यास आपल्या पाठीशी कोण उभे राहील याचा अंदाज ते घेत असतील.

प्रश्न : मणिपूर असो, चर्चवरील हल्ले असोत वा अन्य कोणताही चालू विषय असो, आमचे पाळक त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. विचारले तर रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय उघडतात : प्रत्येकाने अधिकाऱ्यांच्या अधीन असावे. उलट आमच्या भागातील एका स्वतंत्र मंडळीत दर रविवारी सरकारवरच संदेश असतो. यांपैकी बरोबर कोण? – निवृत्त शिक्षक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या पाळकांबद्दल आधी बोलतो, कारण ते थोडक्यात आटोपेल. आठवडाभर मागावर उभे राहून किंवा विड्या वळून दमलेला माणूस रविवारी देवाचे वचन ऐकायला येतो. त्याला तिथेही रात्रीच्या वृत्तवाहिनीवरचीच वादावादी ऐकू आली, तर तो उपाशीच घरी जातो, मग पाळकांची मते माझ्या मतांशी कितीही जुळोत.

आपल्या पाळकांच्या मौनाचा प्रश्न अधिक खोल आहे. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय पवित्र शास्त्रात आहेच, तो काही फाडून टाकता येत नाही. अधिकार देवाने नेमलेला आहे, कर द्यावा, मान द्यावा, हे सर्व मला मान्य आहे. पण तो लिहिणारा पौल स्वतः अधिकाऱ्यांशी कसा वागला, हेही पाहावे. फिलिप्पै येथे त्याला व सीलाला चौकशीवाचून, चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की त्यांना सोडून द्या. निमूटपणे निघून जायची ही चांगली संधी होती, पण पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक असताना आम्हांला उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. आणि अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली. पुढे यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधले जात असताना त्याने पुन्हा नागरिकत्व पुढे केले आणि रोमी सुभेदार फेस्तापुढे थेट कैसराकडे दाद मागितली. या तिन्ही वेळा त्याने अधिकाऱ्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून दिली, आणि त्या अध्यायातला ‘अधीन’ हा शब्द त्याला याच्या आड आलेला दिसत नाही.

शिवाय आपल्याच इतिहासात हे वचन कधी कधी पुढे आले, हेही तपासावे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर आपले शहर पेटले, इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्या काळी ब्रिटिशेतर मिशनांना हिंदुस्थानात काम करायचे तर सरकारशी एकनिष्ठ राहून सहकार्य करू, अशी हमी द्यावी लागे. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनची चालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचेच राल्फ कीथान नावाचे मिशनरी मदुरेला होते. गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याला त्यांनी घरी उतरवून घेतले, तेवढ्यावरून १९३० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. ‘अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ याचा अर्थ त्या दिवसांत इंग्रजांशी इमान असा होत होता, आणि पुष्कळ मंडळ्यांनी तो मुकाट्याने मानला. जे. सी. कुमारप्पांसारखा ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ गांधीजींबरोबर तुरुंगात जात होता आणि मिशनरी गप्प का, असे जाहीरपणे विचारत होता. पण तो बहुसंख्य मंडळ्यांचा आवाज नव्हता. ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असा टोमणा आज आपल्याला मारला जातो तेव्हा १८८९ च्या मुंबई काँग्रेसला गेलेल्या पंडिता रमाबाईंचे नाव आपण चटकन पुढे करतो. ते नाव खरेच आहे. तरीही चार-दोन थोर नावांच्या आड बाकीच्यांचे मौन झाकले जात नाही.

पुढे १९७५ ची आणीबाणी आली. तेव्हाही हाच अध्याय वाचता आला असता, आणि अनेकांनी वाचलाही. केरळच्या मार्थोमा मंडळीचे प्रमुख युहानोन मार थोमा यांनी मात्र पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून आणीबाणीला विरोध कळवला. ते सरकार आजच्या विचारांचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. इंग्रज असोत, काँग्रेस असो वा भारतीय जनता पक्ष असो, ज्याची सत्ता असेल त्याच्याच बाजूने जे वचन दर वेळी उघडले जाते, त्याचा अर्थ लावण्यात आपले काहीतरी चुकते आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

तेव्हा बोलावे, पण कसे? पहिली गोष्ट, खरे बोलावे. मणिपूरचेच पाहा. मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांत ३ मे २०२३ पासून पेटलेल्या त्या हिंसाचारात दोनशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे साठ हजार बेघर झाली. कुकी-झो ख्रिस्ती लोकांची असंख्य चर्चे जळाली हे खरे. मैतेई ख्रिस्ती लोकांची चर्चे जळाली, तीही मैतेई भागांत, हेही खरे. आणि मैतेई हिंदूंची घरे व देवळे जळाली, तेही तितकेच खरे. जमीन, आरक्षण, सीमा, शस्त्रे असे कितीतरी धागे त्यात गुंतलेले असताना ‘हिंदूंनी ख्रिस्ती मारले’ एवढेच वाक्य वेदीवरून उच्चारणारा पाळक अर्धे सत्य सांगत असतो. राज्य यंत्रणा इतके महिने माणसांचे रक्षण करू शकली नाही, हे मात्र त्याने बेलाशक म्हणावे; ते कोणाच्या धर्माशी निगडित नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मंडळीचा आवाज फक्त आपले माणूस दुखावले की निघत असेल, तर तो एका जमातीचा आवाज ठरतो, आणि लोक त्याला त्याच भावाने घेतात. जर्मनीत हिटलरचे राज्य आल्यावर तेथील प्रोटेस्टंट मंडळीतला मोठा गट नाझी राष्ट्रवादाला ख्रिस्ती वस्त्रे चढवू लागला, तेव्हा १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे जमलेल्या विरोधकांनी प्रसिद्ध जाहीरनामा काढला : मंडळीचा प्रभू येशू ख्रिस्त, दुसरा कोणी नाही. आपल्या धर्मशिक्षण संस्थांतून तो अभिमानाने शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या संपूर्ण जाहीरनाम्यात छळल्या जाणाऱ्या यहुद्यांबद्दल एक ओळ नाही. मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी जिवावर उदार होणारी माणसे शेजाऱ्याच्या बाबतीत तिथे मुकी राहिली. सोलापुरात मशिदीवर दगड पडला, एखाद्या वस्तीवर अतिक्रमणाच्या नावाने नोटिशीवाचून बुलडोझर गेला, किंवा गिरणगावातल्या जुन्या कामगाराची देणी थकली, तर आपल्या रविवारच्या प्रार्थनेत त्याचे नाव येते का, हे आपण आपल्या पाळकांना विचारावे. तिथून सुरुवात केली तर मणिपूरबद्दल बोलणेही त्यांना सोपे जाईल.

प्रश्न : गेल्या १५ ऑगस्टला आमच्या तरुण संघाने प्रभुभोजनाच्या मेजावर तिरंगा अंथरला आणि उपासनेचा आरंभ राष्ट्रगीताने केला. वडील मंडळींना राग आला. आम्हांला कॉलेजात, कामावर ‘परदेशी धर्माचे’ म्हणून हिणवतात; मग देशप्रेम दाखवले तर बिघडले कुठे? – तरुण संघाची सचिव, सोलापूर

उत्तर : ताई, आपली कळकळ पोहोचली. तिरंग्यापुरते सांगायचे तर वडील मंडळींचा राग आणि देशाचा कायदा या वेळी एका बाजूला आहेत. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज वक्त्याच्या मेजावर अंथरता येत नाही, व्यासपीठाला गुंडाळता येत नाही आणि कशाचेही आच्छादन म्हणून वापरता येत नाही. म्हणजे ज्या कृतीने आपण देशाचा मान करू पाहिला, तिने ध्वजाचा अवमान झाला असे कोणीही म्हणू शकला असता, आणि आजच्या दिवसांत असे म्हणणारे वाट पाहतच असतात. मेजाबद्दल माझे निराळेही कारण आहे. त्या मेजाशी पाकिस्तानातला ख्रिस्ती, चीनमधला ख्रिस्ती आणि आपण सगळे एकाच आमंत्रणावरून बसतो. तिथे कोणत्याही देशाचा ध्वज नको, आपलाही नको. आवारात खांब रोवून ध्वजारोहण करावे, मुलांना खाऊ वाटावा, राष्ट्रगीत मोठ्याने म्हणावे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांनी राष्ट्रगीताला उभे राहूनही ते म्हटले नाही म्हणून त्यांना शाळेतून काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्या मंडळ्यांना तशी अडचण कधी नव्हतीच. आपण ते मनापासून म्हणतो. फक्त उपासनेचा आरंभ देवाच्या स्तवनाने व्हावा.

हिणवण्याबद्दल आणखी थोडे. कोणी पुरावा मागितला की आपण फोटो काढून दाखवू लागतो, आणि मागणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण त्याला पुरावा नकोच असतो. घटना समितीचे उपाध्यक्ष असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांत राखीव जागा असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी व फादर जेरोम डिसोझा यांनी त्या जागांवर पाणी सोडायला संमती दिली. आपल्या समाजाने हा देश त्या दिवशी बरोबरीच्या नात्याने स्वीकारला, आश्रित म्हणून नव्हे. कोणी हिणवले तर हे सांगावे, आणि तरीही त्याचे तोंड बंद झाले नाही तर आपल्या कामाला लागावे.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर अमेरिकेच्या नेत्यांना ‘देवाने उभा केलेला कोरेश’ म्हणणारे व्हिडिओ येतात. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र व्हावे म्हणून प्रार्थना करायला सांगतात. हे योग्य आहे का? – वाचक, बार्शी

उत्तर : नाही. एका राष्ट्राचा एकच धर्म असावा हे तत्त्व आपल्याला इथे अन्यायाचे वाटते, तर ते तिथे पवित्र कसे होईल? अनुवादाच्या २५ व्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची वजने, एक मोठे आणि एक लहान, बाळगायला मनाई केली आहे, ती अशा वेळी आठवावी. धर्म आणि राष्ट्र एक झाले की काय होते ते रशियात दिसते. तेथील ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख किरिल यांनी २०२२ पासून युक्रेनवरील युद्धाला आशीर्वाद दिले. पलीकडे मरणारे लोक त्यांच्याच पंथाचे, त्यांच्यासारखाच क्रूस करणारे आहेत. यशयाच्या ४५ व्या अध्यायात पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याला अभिषिक्त म्हटले ते त्याने बंदिवानांना घरी जाऊ दिले म्हणून. जो नेता परक्याला घालवून देण्याची भाषा करतो त्याला ते नाव देण्यापूर्वी तो अध्याय पुरता वाचावा. गटाच्या प्रशासकाला सांगून असे व्हिडिओ थांबवावेत. फारच वाद झाला तर गट फक्त उपासनेच्या वेळा आणि आजाऱ्यांची माहिती देण्यापुरता ठेवावा.

प्रश्न : मंडळीने राजकारणापासून दूर राहावे असे सगळे सांगतात. मग दलित ख्रिस्ती लोकांच्या सवलतींचे काय? तो विषय काढला की पाळकही गप्प आणि पुढारीही गप्प. – वाचक, अक्कलकोट

उत्तर : मंडळीने पक्षापासून दूर राहावे असे मी म्हणतो, न्यायापासून नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी गावकुसाबाहेरचे घर जागचे हलत नाही, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. सर्व पंथांच्या मंडळ्यांनी मिळून, सनदशीर मार्गाने, निवेदने देऊन हा विषय लावून धरला पाहिजे, आणि सत्तेत कोण आहे हे पाहून आवाज चढवू वा उतरवू नये.

पण आपल्या घरातलेही बोलू. एक नाव मंडळीच्या नोंदवहीत आणि दुसरे शाळेच्या दाखल्यावर, अशा स्थितीत कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आहेत. त्यांना व्यासपीठावरून ‘ढोंगी’ म्हणणाऱ्या पाळकांनी आधी त्यांच्या मुलाची फी कोण भरणार ते सांगावे. आणि स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारणाऱ्या आपल्या समाजाने सरकारला समतेचे निवेदन देताना क्षणभर लाजायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना असते. काही तरुण येऊन ‘धर्मांतर चालले आहे’ म्हणून दमदाटी करून गेले. राज्यातही धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघाला आहे. प्रार्थना बंद करावी का? – एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बंद करू नये. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. मात्र १९६७ चा ओरिसाचा व १९६८ चा मध्य प्रदेशचा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९७७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर आक्षेप घेणारे कायदेपंडित आहेत, पण आज तोच लागू आहे, आणि तो धरूनच चालावे लागेल.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. प्रार्थनेच्या दिवशी धान्य, कपडे वा पैसे वाटू नयेत. गरजूला मदत करायची ती निराळ्या दिवशी, आणि त्याचा धर्म न विचारता. ‘गोळ्या बंद करा, प्रार्थनेने बरे व्हाल’ असे कोणालाही बोलू देऊ नये. ते वैद्यकीयदृष्ट्या घातक आहे, आणि चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अल्पवयीन मुले पालकांशिवाय बसवू नयेत. दुसऱ्यांच्या देवांबद्दल वावगा शब्द नको. सिद्धेश्वरांच्या यात्रेला लोटणारे लोक आपले शेजारी आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेची टिंगल करून कोणी ख्रिस्ताकडे आल्याचे मी पाहिलेले नाही. ध्वनिक्षेपक लावू नये. कोणी बाप्तिस्मा मागितला तर घाई न करता पाळकांकडे पाठवावे, आणि पाळकांनी वयाचा पुरावा व त्या व्यक्तीचा स्वहस्ते लिहिलेला अर्ज ठेवावा.

‘प्रसार’ हा शब्द संविधानात राहावा की नाही यावर ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत वाद झाला. टी. टी. कृष्णमाचारी स्वतः हिंदू. त्यांनी सभागृहाला सांगितले की ते सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकले आणि त्यांचा धर्म बदलण्याचा प्रयत्न तिथे कोणी केला नाही. आपल्या बाजूने त्या दिवशी दिलेल्या साक्षींत ही साक्ष मला फार मोलाची वाटते, आणि ती मिळाली ती त्या शाळांच्या शिक्षकांमुळे. आपल्या गुरुवारच्या बैठकीबद्दल शेजारच्या बिगरख्रिस्ती बाईने पोलिसांना ‘मी तिथे जाते, तिथे काही वावगे चालत नाही’ असे सांगितले, तर त्याचे वजन दहा वकिलांइतके असेल. त्यांना चहाला बोलवावे, दार उघडे ठेवावे.

पुन्हा तरुण आले तर वाद घालू नये, हात तर मुळीच उचलू नये. ११२ वर फोन करावा, आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, आणि घडलेल्या प्रसंगाची तारीख, वेळ व हजर असलेल्यांची नावे त्याच रात्री वहीत उतरवून ठेवावीत. क्षमा करायची म्हणून तक्रार करायची नाही, असे काही वडील सांगतील. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला तरीही चालला, शिक्षाही झाली, आणि ग्लॅडिसबाई पुढची काही वर्षे बारीपाड्यात कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. क्षमा करणे त्यांचे काम होते आणि न्याय करणे सरकारचे. आपण तक्रार द्यावी, आणि त्या तरुणांची नावे कळली असतील तर गुरुवारच्या प्रार्थनेत तीही घ्यावीत.